लिंक पाठवली म्हणजे उत्तर दिलं असं होत नाही: ऑनलाइन विश्वकोशांच्या आधारे उत्तर कसं द्यावं

चंद्रग्रहणात चंद्र तांबडा का दिसतो, असं एका ओळखीच्या बाईंनी मला विचारलं होतं. हातातलं काम न सोडता मी विकिपीडियावरच्या इंग्रजी लेखाची लिंक पाठवली आणि मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला: 'वाचलं. अंब्रा म्हणजे काय? पेनंब्रा म्हणजे? आणि हे रॅले कोण?' एका प्रश्नाचे तीन झाले होते आणि मूळ प्रश्न होता तिथेच होता.

खरं तर उत्तर चार वाक्यांचं होतं. पृथ्वी मध्ये आल्यामुळे सूर्याचा प्रकाश चंद्रावर थेट पोचत नाही. पण पृथ्वीभोवतीच्या हवेतून थोडा प्रकाश वाकून तिच्या सावलीत शिरतो. हवेतून एवढी मजल मारताना निळा प्रकाश इकडेतिकडे विखुरतो, तांबडा टिकून राहतो आणि तोच चंद्रावर पडतो. म्हणजे त्या घटकेला पृथ्वीवर जिथे जिथे सूर्य उगवत किंवा मावळत असेल, तिथली सगळी लाली चंद्रावर पडलेली असते. हे सगळं त्या लेखात होतं. ते काढून द्यायचा मी कंटाळा केला.

विषय जाणणाऱ्या माणसाला तुम्ही नुसती लिंक दिलीत तरी चालतं. त्याला लेखातलं काय घ्यायचं ते कळतं आणि चूक असली तर ती खटकते. बिगरतज्ज्ञाला ती खटकत नाही. तो तुमच्यावर विश्वास ठेवून ते वाक्य उचलतो आणि पुढे आणखी चौघांना सांगतो. त्यामुळे जी तपासणी त्याला करता येत नाही, ती सगळी तुमच्या अंगावर येते. खालच्या पायऱ्या त्या तपासणीच्या आहेत.

पहिली पायरी: कोश उघडण्याआधी प्रश्न नीट समजून घ्या

'जगातला सर्वांत उंच पर्वत कोणता?' हा प्रश्न लहान मुलालाही सोपा वाटतो. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट. पायथ्यापासून शिखरापर्यंत मोजलं तर हवाई बेटांवरचा मौना केआ, कारण त्याचा बराचसा भाग समुद्राखाली आहे आणि एकूण उंची दहा हजार मीटरच्या वर जाते. पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वांत दूरचं शिखर विचारलं तर इक्वेडोरमधलं चिंबोराझो, कारण पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे. तिन्ही उत्तरं विश्वकोशात सापडतात आणि तिन्ही बरोबर आहेत. विचारणाऱ्याला यातलं कोणतं हवंय, हे मात्र कोश सांगू शकत नाही.

म्हणून आधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. हा माणूस कशासाठी विचारतोय? कुतूहल म्हणून, मुलाच्या अभ्यासासाठी, की त्यावर काही निर्णय घ्यायचाय म्हणून? आणि त्याने वापरलेला शब्द त्याला नेमका कोणत्या अर्थाने अभिप्रेत आहे? 'व्हायरस' म्हणजे ताप आणणारा की कॉम्प्युटरमधला, हा टोकाचा नमुना झाला. पण 'अँटिबायोटिक', 'सेंद्रिय', 'सिद्धान्त' असे शब्द बोलण्यात एका अर्थाने आणि कोशात दुसऱ्या अर्थाने येतात. बोलताना 'माझी आपली एक थिअरी आहे' म्हणणारा माणूस उत्क्रांतीची 'थिअरी' वाचतो तेव्हा तोही कुणाचा तरी अंदाजच असेल असं समजतो. शंका असेल तर उलट एक प्रश्न विचारायला लाजू नका. दहा सेकंद जातात, अर्धा तास वाचतो.

दुसरी पायरी: कोणता कोश, ते ठरवा

ऑनलाइन विश्वकोश ढोबळमानाने दोन जातींचे. एक, कुणीही संपादन करू शकेल असा. विकिपीडिया त्यातला सर्वांत मोठा. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेला. दुसरा, नेमलेल्या लेखकांनी लिहिलेला आणि संपादकांनी तपासलेला. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका या जातीतला. १७६८ मध्ये एडिनबरोत सुरू झाला, २०१२ मध्ये छापील आवृत्ती बंद करत असल्याचं जाहीर झालं आणि तेव्हापासून तो पडद्यावरच आहे. आपला मराठी विश्वकोशही याच जातीचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादकत्वाखाली त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये आला आणि आता खंड ऑनलाइन वाचता येतात.

पहिली जात बेभरवशाची आणि दुसरी पक्की, अशी सरळ विभागणी मात्र करू नका. 'नेचर' या विज्ञान साप्ताहिकाने डिसेंबर २००५ मध्ये विकिपीडिया आणि ब्रिटानिका यांतले विज्ञानविषयक ४२ लेख तज्ज्ञांकडून तपासून घेतले. गंभीर चुका दोन्हीकडे प्रत्येकी चार निघाल्या. बारीकसारीक चुका आणि वगळलेल्या गोष्टी धरून विकिपीडियात १६२, ब्रिटानिकात १२३. ब्रिटानिकाने पुढच्या वर्षी या तपासणीवर जोरदार आक्षेप घेतला. तो वाद बाजूला ठेवला तरी आपल्या कामाचं एवढं नक्की हाती लागतं की चुका दोन्हीकडे असतात.

फरक आहे तो चुकांच्या जातीत. तपासून छापलेल्या कोशात खोडसाळपणा जवळजवळ नसतो, पण मजकूर शिळा होतो. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून ऑगस्ट २००६ मध्ये वगळलं, म्हणजे त्याआधी छापलेल्या कोणत्याही कोशात तो नववा ग्रह असणारच. लेखकाची ती चूक नाही. पण २००६ नंतर तो लेख तारीख न बघता वापरणाऱ्याची आहे. उलट विकिपीडियावर बदल काही तासांत पोचतो आणि त्याच दाराने खोटंही आत येतं.

काही विषयांना स्वतःचे कोश आहेत आणि ते सरसकट कोशांपेक्षा पुष्कळ बरे. तत्त्वज्ञानासाठी स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी: १९९५ पासून ऑनलाइन, प्रत्येक लेखावर लेखकाचं नाव, आणि जुन्या आवृत्त्या दर तिमाहीला जपून ठेवलेल्या. आरोग्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचं मेडलाइनप्लस, जे मुळात रुग्णांसाठीच लिहिलेलं आहे. गणितासाठी मॅथवर्ल्ड. तरी एक अडचण सांगून ठेवतो: स्टॅनफर्डचे लेख तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. ते तुम्ही वाचायचे आणि सांगायचं तुमच्या शब्दांत. तिथली लिंक बिगरतज्ज्ञाला धाडणं म्हणजे माझ्या ग्रहणाच्या लिंकसारखाच प्रकार.

माझी स्वतःची रीत अशी: शब्द ओळखायला आणि विषयाचा नकाशा मिळवायला विकिपीडिया, विधान पक्कं करायला विषयाचा कोश, आणि नेमका मराठी शब्द हवा असेल तर मराठी विश्वकोश. 'अंब्रा'ला (गडद सावली) 'प्रच्छाया' आणि 'पेनंब्रा'ला (तिच्याभोवतीची फिकट सावली) 'उपच्छाया' हे तयार शब्द मराठीत आहेत.

तिसरी पायरी: लेख वरून खाली वाचू नका, आधी त्याची तब्येत बघा

विकिपीडियाचा लेख उघडला की माझी नजर पहिल्या परिच्छेदावर जात नाही. ती आधी वरच्या पट्ट्यांवर जाते. 'या लेखात संदर्भ नाहीत', 'हा लेख एकांगी आहे' अशा सूचना संपादक स्वतःच लावून ठेवतात. मजकुरात '[संदर्भ हवा]' अशी खूण असेल तर ते वाक्य तुमच्यासाठी नाहीच असं समजा. इंग्रजी विकिपीडियावर उजव्या कोपऱ्यात सोनेरी तारा असेल तर तो लेख कसून तपासून निवडलेला असतो. हिरवं अधिक चिन्ह असेल तर त्याखालोखाल.

मग 'इतिहास पहा'. शेवटचा बदल कधी झाला, कुणी केला? काल रात्री एखाद्या निनावी खात्याने नेमका तुम्हाला हवा तोच आकडा बदलला असेल तर थांबा. गर्दीच्या लेखांत खोडसाळपणा बहुधा मिनिटांत पुसला जातो, पण कमी वाचल्या जाणाऱ्या लेखांत तो तळ ठोकून बसतो. २००५ मध्ये जॉन सीगनथेलर या अमेरिकन पत्रकाराच्या चरित्रात केनेडी हत्येशी त्याचा संबंध जोडणारा धादांत खोटा मजकूर कुणीतरी घातला. तो चार महिने तसाच राहिला आणि शेवटी सीगनथेलरनेच त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिला.

'चर्चा' हे पान तर बहुतेक लोक उघडतच नाहीत. मला ते लेखापेक्षा जास्त उपयोगी वाटतं. एखाद्या विधानावर दोन संपादक महिनोनमहिने भांडत असतील तर ते विधान 'असं आहे' म्हणून पुढे देणं धोक्याचं, हे तिथे पाच मिनिटांत कळतं. भांडणात दोन्ही बाजू आपापले स्रोत टाकतात, ती आणखी फुकटची मिळकत.

आता भाषेचा मुद्दा. विकिपीडियाच्या प्रत्येक भाषेतली आवृत्ती वेगळी लिहिली जाते. एकीचं भाषांतर म्हणजे दुसरी, असं नाही. जिथे संपादक थोडे, तिथे लक्ष ठेवणारेही थोडे. २०२० मध्ये उघड झालं की स्कॉट्स भाषेतल्या विकिपीडियाचे हजारो लेख एका अमेरिकन मुलाने लिहिले होते, ज्याला स्कॉट्स येतच नव्हती. इंग्रजी शब्दांची मोडतोड करून त्याने वर्षानुवर्षं ती 'भाषा' भरली होती. २०२२ मध्ये चिनी विकिपीडियावर मध्ययुगीन रशियाच्या इतिहासाबद्दलचे दोनशेहून अधिक लेख बनावट निघाले. त्यात काशिनची चांदीची खाण होती, तिच्यावरून झालेल्या लढाया होत्या, सैन्याचे आकडे होते, तळटीपा होत्या. आणि हे सगळं एका बाईने घरबसल्या रचलेलं.

हा प्रकार वाचून मी एक सवय लावून घेतली. जो इतिहास ज्या देशाचा, त्या देशाच्या भाषेतला लेखही उघडून बघायचा. भाषा येत नसली तरी यांत्रिक भाषांतराने एवढं कळतं की ही लढाई तिथे आहे की नाही. चिनी लेखात सविस्तर असलेल्या रशियन युद्धाचा रशियनमध्ये मागमूस नसेल तर काहीतरी पाणी मुरतंय.

चौथी पायरी: तळटीप उघडा, खरोखर उघडा

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. विश्वकोश हा दुसऱ्यांनी सांगितलेल्याचा गोषवारा असतो. विकिपीडियाचा तर नियमच आहे की तिथे स्वतःचं संशोधन मांडायचं नाही आणि प्रत्येक वादग्रस्त विधानाला बाहेरचा आधार द्यायचा. म्हणजे तो तुम्हाला रस्ता दाखवतो, चालायचं तुम्ही.

तळटीप उघडल्यावर तीन गोष्टी बघायच्या. ती अस्तित्वात आहे का, म्हणजे लिंक मेलेली नाही ना. ती तेच म्हणते का. आणि तिला ते कुठून कळलं. दुसऱ्या मुद्द्यावर तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा पाय घसरतो. मूळ लेखात 'काही उंदरांमध्ये असं आढळलं' असतं, बातमीत 'संशोधकांना आढळलं' होतं आणि कोशात पोचेपर्यंत 'असं सिद्ध झालं आहे' होऊन बसतं.

तिसऱ्या मुद्द्यासाठी कोआटीची गोष्ट सांगतो. कोआटी हा रॅकूनच्या कुळातला दक्षिण अमेरिकेतला प्राणी. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहिलं की त्याला 'ब्राझिलियन आर्डवार्क' असंही म्हणतात. असं कुणीच म्हणत नव्हतं. आर्डवार्क आफ्रिकेतला आणि त्याचा कोआटीशी काडीचा संबंध नाही. पण बातमीदारांनी ते नाव विकिपीडियावरून उचललं, ते वर्तमानपत्रांत आलं, पुस्तकांत गेलं. मग त्या वाक्याला तळटीप मिळाली: तीच बातमी. साप स्वतःची शेपूट गिळून बसला. म्हणून तळटीप बघताना तिची तारीख बघा आणि ते वाक्य कोशात पहिल्यांदा कधी आलं ते इतिहासात बघा. वाक्य आधीचं आणि स्रोत नंतरचा असेल तर तो स्रोत बाद.

त्याहून मजेशीर आहे ती पालकाच्या भाजीची गोष्ट, कारण तिच्यात शहाणी माणसं फसली. तुम्हीही ऐकली असेल: एकोणिसाव्या शतकात कुणा जर्मन शास्त्रज्ञाचं दशांशचिन्ह चुकलं, पालकातलं लोह दहापट दिसलं आणि तेव्हापासून पालक ताकदीचा मानला गेला. 'लोकांचे गैरसमज' या सदरात ही गोष्ट हमखास असते. १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ती सांगितली, पण आधार दिला नाही. पुढच्यांनी हॅम्ब्लिन यांचा हवाला दिला, त्यापुढच्यांनी त्या पुढच्यांचा. २०१० मध्ये माइक सटन यांनी माग काढला तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीचा पुरावाच मिळेना. म्हणजे गैरसमज दूर करणारी गोष्टच गैरसमज निघाली. पालकात शंभर ग्रॅमला साधारण २.७ मिलिग्रॅम लोह असतं आणि त्यातलं थोडंच शरीराला लागतं. ज्याला खाण्यापिण्याबद्दल विचारायचंय त्याला एवढंच सांगा. दशांशाची गोष्ट रंगतदार आहे म्हणून घालायचा मोह होईल. आवरा.

पाचवी पायरी: दुसरा साक्षीदार

एका कोशावर कधीही थांबू नका. पण दुसरा बघताना तो खरंच दुसरा आहे का, हे तपासा. इंटरनेटवर शेकडो साइट विकिपीडियाचा मजकूर जसाच्या तसा छापतात. वाक्यरचना सारखी दिसली तर तो तोच साक्षीदार, नुसती टोपी बदललेली. चॅटबॉटने 'विकिपीडियानुसार' म्हणून दिलेलं उत्तरही याच रांगेत बसवा. ते पान स्वतः उघडून वाक्य डोळ्यांनी दिसेपर्यंत ते ऐकीव.

दोन खरे स्वतंत्र कोश वेगळे आकडे देत असतील तर घाबरायचं कारण नाही. बहुतेकदा ते वेगवेगळ्या वेळची मोजणी सांगत असतात. एव्हरेस्ट कुठे ८८४८ मीटर असतो (१९५५ ची मोजणी), कुठे ८८५० (१९९९ ची), कुठे ८८४८.८६ (नेपाळ आणि चीनने डिसेंबर २०२० मध्ये मिळून जाहीर केलेली). विचारणाऱ्याला सांगा, 'सुमारे ८८४९ मीटर'. त्याने पुस्तकात दुसरा आकडा पाहिलाय अशी शंका असेल तरच मोजण्यांची कथा जोडा.

सहावी पायरी: उत्तर लिहा

इथवर वाचलेलं सगळं ओतलंत तर विचारणारा बुडेल. एक नमुना अख्खा करून बघू. प्रश्न असा आला आहे: 'मध कधीच खराब होत नाही म्हणतात, खरं का? आमच्या बरणीत तळाशी पांढरे खडे जमलेत.'

इथे प्रश्न दोन आहेत. वरवरचा टिकण्याबद्दल; खरा, 'ही बरणी टाकू का?'. कोश वाचून हाती येतं ते असं. मधात पाणी साधारण १७-१८ टक्केच असतं, त्यामुळे जंतूंना वाढायला ओल मिळत नाही. तो आंबट असतो, पीएच साधारण ४ च्या आसपास. मधमाश्यांनी मिसळलेल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, तेही जंतूंना मारक. मध हवेतली ओल ओढून घेतो, आणि पाणी वाढलं की आंबतो. खडे म्हणजे त्यातलं ग्लुकोज. शिवाय एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही, कारण त्यात बोटुलिझम या आजाराच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. आणि हो, इजिप्तच्या थडग्यात हजारो वर्षांचा खाण्याजोगा मध सापडला, ही गोष्टही जागोजागी दिसते.

पहिला मसुदा बहुतेकांचा असा उतरतो: 'मध हा आर्द्रताशोषक पदार्थ असून त्याची जलसक्रियता अत्यल्प असल्याने तसेच त्यातील ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराच्या क्रियेमुळे त्यात सूक्ष्मजीवांची वाढ होत नाही.' यात चूक काही नाही. पण बरणीचं काय करायचं ते शेवटपर्यंत कळत नाही.

आता हा:

'बरणी टाकू नका. पांढरे खडे म्हणजे मधातली साखरच; बरणी कोमट पाण्यात ठेवा, हळूहळू विरघळेल. मध बराच काळ टिकतो हे खरं, कारण त्यात पाणी फार कमी आणि आंबटपणा बऱ्यापैकी, म्हणून जंतू वाढत नाहीत. पण कधीच बिघडत नाही असं नाही. झाकण उघडं राहिलं किंवा ओला चमचा घातला की तो पाणी धरतो आणि आंबतो. फेस किंवा आंबूस वास आला तर वापरू नका. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला कोणताच मध देऊ नका, ताजासुद्धा.'

काय केलं ते बघा. निर्णय पहिल्या वाक्यात. कारणं दोनच, सगळी तीन नाहीत. विकराचं नाव गाळलं, कारण त्याने बरणीचं काही ठरत नाही. बाळाबद्दल कुणी विचारलं नव्हतं, तरी घातलं. न सांगितल्याने होणारं नुकसान मोठं आहे. इजिप्त गाळलं. तळटिपेवरून तळटिपेवर जाऊन ज्या गोष्टीच्या मूळ उत्खनन-अहवालापर्यंत मी पोचत नाही, ती माझ्या उत्तरात येत नाही, कितीही छान असली तरी.

एक सावधगिरी. सोपं करताना 'साधारण', 'बहुतेक', 'असू शकतात' हे शब्द आधी गळतात, आणि नेमके तेच गळायला नको असतात. मसुदा झाला की कोशातलं मूळ वाक्य शेजारी ठेवून वाचा. तिथे 'असू शकतात' असेल आणि तुमच्याकडे 'असतात' झालं असेल तर परत लिहा.

सातवी पायरी: लिंक द्यायचीच, पण शेवटी आणि नेमकी

उत्तराआधी लिंक दिली की लोक उत्तर वाचत नाहीत. नंतर दिली की हवी त्याने उघडावी. लेखाच्या माथ्याची लिंक देऊ नका, ज्या उपशीर्षकाखाली ती माहिती आहे तिथली द्या. विकिपीडियावर प्रत्येक विभागाला स्वतःचा पत्ता असतो. लेख उद्या बदलू शकतो, म्हणून डावीकडच्या साधनपेटीतला किंवा 'साधने' यादीतला 'शाश्वत दुवा' घ्या. तुम्ही वाचलेली आवृत्तीच त्यालाही दिसते. इंग्रजी कठीण जाणाऱ्याला सोप्या इंग्रजीतला विकिपीडिया चालतो. तिथले लेख आखूड असतात, तपासणी मात्र कमी, तेव्हा तिथलाही परिच्छेद आधी स्वतः वाचा.

परिच्छेद जसाच्या तसा उचलणार असाल तर नाव द्यावंच लागतं. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली असतो: फुकट वापरा, पण श्रेय द्या आणि पुढेही त्याच अटीवर खुला ठेवा. ब्रिटानिकाला ही मुभा नाही.

आठवी पायरी: कुठे थांबायचं

औषधाचा डोस, दोन गोळ्या एकत्र घ्याव्या का, नोटिशीला काय उत्तर द्यावं, पैसे कशात गुंतवावे. इथे विश्वकोशावरून उत्तर द्यायचं नाही. विकिपीडियाच्या वैद्यकीय लेखांसाठी संपादकांना सूचनाच आहे की डोस लिहू नये, आणि तो वैद्यकीय सल्ला नाही असं विकिपीडिया स्वतः जाहीर करतो.

तरी हात झटकून 'डॉक्टरांना विचारा' एवढंच म्हणणं मला पटत नाही. पॅरासिटामॉल आणि ॲसिटामिनोफेन ही एकाच औषधाची दोन नावं, ही माहिती कोणत्याही चांगल्या कोशात पहिल्या ओळीत असते आणि ती कुणालाही निर्धास्त सांगावी. दोन वेगवेगळ्या पाकिटांवर वेगवेगळी नावं बघून एकच औषध दुप्पट घेणारी माणसं असतात, आणि त्याने यकृताला इजा होते. शब्दाचा अर्थ, नावांची फोड, डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारायचे याची यादी: इथपर्यंत कोश नेतो. 'तुम्ही किती घ्यावं' याच्या अलीकडे थांबायचं.

आणि चूक झाली तर

होतेच. ज्याला उत्तर दिलं त्याला स्वतःहून कळवा, आणि 'थोडी दुरुस्ती' असं गुळमुळीत न म्हणता कोणतं वाक्य चुकलं ते सांगा, म्हणजे पुढे ज्यांना त्याने सांगितलं असेल तिथेही दुरुस्ती करता येते. चूक कोशाची असेल तर तीही दुरुस्त करा. विकिपीडियावर स्रोत जोडून स्वतः बदला, किंवा खात्री कमी असेल तर 'चर्चा' पानावर लिहून ठेवा. तपासलेल्या कोशांच्या संपादकांना पत्र पाठवता येतं.

शनीला किती चंद्र, असं मला एका शाळकरी मुलीने विचारलं होतं. मी एका कोशात बघून ८२ सांगितलं. लेखाची तारीख बघायला विसरलो, म्हणजे वरती तुम्हाला जे सांगितलं तेच. २०२३ मध्ये हा आकडा १४५ वर गेला होता आणि माझं उत्तर त्यानंतरचं. ते तिने तक्त्यावर मोठ्या अक्षरांत लिहून टाकलं होतं. मी कळवल्यावर तिने ८२ वर कागदाची चिठ्ठी चिकटवून १४५ केलं आणि खाली, माझ्या सांगण्यावरून, 'मे २०२३ पर्यंत' असं लिहिलं. मग मार्च २०२५ मध्ये आणखी १२८ चंद्रांना मान्यता मिळाली आणि, मधल्या काळात वाढलेला एक धरून, एकूण २७४ झाले. मी पुन्हा कळवलं. तिचं उत्तर आलं, 'काका, या वेळी पेन्सिलने लिहिलंय.'